लहानखुऱ्या मुली आणि मोठ्यांचे खेळ

बारा-तेरा वर्षांची मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसत असेल, शाळेच्या रांगेत सर्वांच्या पुढे उभी राहत असेल आणि तिला खेळाची ओढ असेल, तर घरात एक प्रश्न हमखास निघतो : हिला कोणत्या खेळात घालावे? बास्केटबॉल नको, व्हॉलीबॉल नको, थाळीफेक तर नकोच. मग कोणीतरी सांगते, ‘अंगाने हलकी आहे, जिम्नॅस्टिक्सला घाला.’ सांगणाऱ्याला हा सल्ला सृष्टीच्या नियमाइतका उघड वाटतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात शंका घेण्यासारखे काही दिसत नाही. वस्तुतः त्या सल्ल्याचे वय पन्नास वर्षांहून फारसे अधिक नाही. त्यापूर्वी जिम्नॅस्टिक्स हा पूर्ण वाढ झालेल्या स्त्रियांचा खेळ होता. तो किशोरवयीन, लहान चणीच्या मुलींचा कसा झाला आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, हे आमच्या वाचक-पालकांना ठाऊक असावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

हा इतिहास १९२८ सालापासून सांगणे सोयीचे, कारण त्या एका वर्षात आपल्या ख्रिस्तसभेचा आणि ऑलिंपिकचा ह्या विषयाशी जवळजवळ एकाच वेळी संबंध आला. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी रोममध्ये मुलींची राष्ट्रीय व्यायामस्पर्धा भरवण्यात आली. इटलीत तेव्हा मुसोलिनीचे राज्य होते. तरुण पिढी आपल्याच मुठीत असावी हा त्या राजवटीचा आग्रह होता; त्याच वसंतात कॅथलिक बालवीर पथके सरकारी हुकुमाने बरखास्त झाली होती. परमगुरू अकरावे पायस ह्यांनी रोमचे व्हिकर कार्डिनल पोम्पिली ह्यांना पत्र लिहून ह्या स्पर्धेविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. मुलींना अशा रीतीने लोकांपुढे उभे करणे कोवळ्या वयाच्या नाजूकपणाला शोभणारे नाही, आणि ते पवित्र रोम नगरीत घडावे हे तर अधिकच क्लेशकारक, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबर १९२९ रोजी प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक परिपत्रकातही, ‘डिव्हिनी इलियस मॅजिस्ट्री’मध्ये, मुलींच्या व्यायामाच्या जाहीर प्रदर्शनाबद्दल त्यांनी पुन्हा इशारा दिला.

एवढ्यावरून हे परमगुरू व्यायामाचेच वैरी होते असे कोणी समजू नये. अकिले रात्ती ह्या नावाने धर्मगुरू असताना ते कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा शिखरावर अवघड वाटेने चढाई केली होती. त्यांच्या आधीचे परमगुरू दहावे पायस ह्यांच्यासमोर तर १९०८ साली खुद्द व्हॅटिकनच्या आवारात कॅथलिक तरुणांनी कसरती करून दाखवल्या होत्या. अर्थात ते सारे मुलगे होते. मुलग्यांना जे शोभते ते मुलींना शोभत नाही, ही त्या पिढीची धारणा होती आणि ती केवळ धर्ममंडळींची नव्हती. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ ह्यांचाही स्त्रियांच्या सहभागाला अखेरपर्यंत विरोधच होता.

रोममधील त्या स्पर्धेनंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स पहिल्यांदाच पदकासाठी खेळले गेले. सांघिक स्पर्धा तेवढी होती, वैयक्तिक नव्हती. आणि संघ अवघे पाच. इटलीच्या वतीने पाव्हिया शहरातील मुली आल्या होत्या. त्या खरोखरच मुली होत्या. त्यांतील लुइजिना जावोत्ती हिचे वय ११ वर्षे ३०१ दिवस होते. ऑलिंपिकचे पदक मिळवणारी सर्वांत लहान मुलगी म्हणून तिचेच नाव आजही सांगितले जाते. तिची सहकारी कार्ला मारांगोनी बारा वर्षांची होती. ह्या संघाला रौप्यपदक मिळाले.

सुवर्णपदक गेले हॉलंडच्या संघाकडे, आणि ह्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. डच संघातील बहुतेक जणी वीस ते तिशीच्या घरातल्या होत्या. त्यांना ३१६.७५ गुण पडले, इटलीच्या बालिकांना २८९. म्हणजे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी पोक्त स्त्रिया आणि कोवळ्या मुली समोरासमोर आल्या होत्या आणि मोठ्या अंतराने स्त्रिया जिंकल्या होत्या. त्या काळच्या कसरतींत ताल, एकजूट, डौल आणि कमावलेले बळ ह्यांना मान होता. हवेत कोण किती वेळा फिरते, हे कोणी मोजत नव्हते.

त्या विजयी डच संघात पाच यहुदी स्त्रिया होत्या आणि त्यांचे प्रशिक्षक खेरिट क्लेरेकोपर हेही यहुदी होते. एल्का द लेव्ही हिच्याखेरीज बाकीच्या चौघींना, एस्टेला आख्स्टेरिबे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक आणि यूडिके सिमोन्स ह्यांना, नाझींनी १९४३ साली सोबिबोर आणि आउश्विट्झच्या छळछावण्यांत ठार मारले. त्यांची लेकरेही त्यांच्यासोबत मारली गेली. क्लेरेकोपर ह्यांचाही सोबिबोरमध्येच अंत झाला. खेळाच्या इतिहासात हे लिहिणे काहींना अवांतर वाटेल, पण ही नावे आली की त्यांना ओलांडून पुढे जाणे आम्हांला जमत नाही.

युद्धानंतरही पंचवीस वर्षे हा खेळ स्त्रियांचाच राहिला. १९५२ साली हेलसिंकीत पहिल्यांदा वैयक्तिक स्पर्धा झाली, तेव्हा अजिंक्यपद मिळवणारी सोव्हिएत संघाची मारिया गोरोखोव्स्काया तीस वर्षांची होती. हंगेरीची आग्नेस केलेती ही खोट्या कागदपत्रांच्या आधारे नाझींच्या तावडीतून वाचलेली यहुदी मुलगी. तिचे वडील आउश्विट्झमध्ये गेले. तिने १९५६ साली मेलबर्नला चार सुवर्णपदके जिंकली तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. (जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या १०४व्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना तिचे निधन झाले.) लारिसा लातिनिनाने १९५८ ची जागतिक स्पर्धा गर्भवती असताना जिंकली. चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का १९६८ साली मेक्सिकोत दुसऱ्यांदा अजिंक्य ठरली ती सव्विसाव्या वर्षी, आणि स्पर्धा संपता संपता त्याच शहरात ती विवाहबद्धही झाली. ‘मुलगी मोठी झाली, आता तिचा खेळ संपला’ असे ह्या स्त्रियांविषयी कोणी म्हणाले असते तर त्यांना हसू आले असते.

पारडे फिरले ते १९७२ साली, म्युनिकमध्ये. ओल्गा कोर्बुत सतरा वर्षांची होती, पण दीड मीटर उंचीची आणि चाळीस किलोंहून कमी वजनाची ती मुलगी दिसायची बारा वर्षांची. असमान बारवर उभी राहून तिने मागे उलटी उडी घेतली आणि दूरचित्रवाणीपुढे बसलेले जग खुळावले. स्पर्धेचे अजिंक्यपद तिच्या संघातील डौलदार ल्युदमिला तुरिश्चेवाला मिळाले, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? चार वर्षांनी माँट्रियलला रुमानियाची नादिया कोमानेची आली. वय चौदा. १८ जुलै १९७६ रोजी तिला दहापैकी दहा गुण मिळाले आणि गुणफलकावर १.०० असा आकडा उमटला, कारण दहाचा आकडा दाखवण्याची सोयच त्यावर नव्हती. पूर्णांक मिळूच शकत नाही अशीच सर्वांची समजूत होती. ह्यानंतर जगभरच्या प्रशिक्षकांची नजर लहान मुलींकडे वळली.

ह्यात प्रशिक्षकांची हौस होती तसे पदार्थविज्ञानही होते. सारख्याच बांध्याच्या दोन मुली घेतल्या, एक दीड मीटर उंचीची आणि दुसरी १.६५ मीटरची, तर हवेत कोलांटी घेताना दुसरीचे शरीर फिरण्यास करते तो विरोध पहिलीच्या मानाने सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असतो. तिच्या स्नायूंचे बळ मात्र वीसेक टक्क्यांनीच अधिक भरते. त्यामुळे दोन-दोन गिरक्यांच्या उड्यांना गुण मिळू लागले तसा उंच मुलीचा तोटा झाला. इथवर तक्रारीचे कारण नाही. उंच मुलींना उंचउडी आहे, ठेंगण्या मुलींना त्यांचा म्हणून एक खेळ मिळाला तर तो न्यायच म्हणावा.

पण बारा वर्षांची मुलगी पंधराची होते. तिचे हाड वाढते, कंबर भरते, तिला मासिक पाळी येते. देवाने तिला तशीच घडवलेली आहे. ज्या खेळात ही वाढच प्रतिस्पर्धी होऊन बसते, त्या खेळात मोठी माणसे वाढीशीच लढू लागतात, आणि ते रणांगण मुलीचे शरीर असते. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील क्रिस्टी हेन्रिक ही दीड मीटरहूनही कमी उंचीची होती. १९८८ साली एका परीक्षकाने तिला वजन कमी करण्यास सुचवले. तिने खाणे टाकले, आणि ते पुन्हा कधी नीट सुरू झालेच नाही. जुलै १९९४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एकेक अवयव निकामी होऊन ती गेली, तेव्हा तिचे वजन तीस किलोसुद्धा नव्हते. मॉस्कोची येलेना मुखिना १९७८ ची जगज्जेती. पायाचे मोडलेले हाड पुरते सांधले नसताना तिला सरावाला उभे करण्यात आले, आणि जुलै १९८० मध्ये, ऑलिंपिक दोन आठवड्यांवर असताना, एका अवघड उडीत तिची मान मोडली. २००६ साली मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणालाच खिळलेली होती. वैद्यकशास्त्रानेही ह्या काळात आपले निदान मांडले. अपुरे खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ होणारी हाडे ही तीन लक्षणे खेळाडू मुलींमध्ये हातात हात घालून येतात, हे अमेरिकी क्रीडावैद्यकांनी १९९२ साली नाव देऊन सांगितले. अमुक खेळ केल्याने मुलीची पाळी थांबली तर ‘व्यायामाने असे व्हायचेच’ म्हणून सोडून देणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. ती डॉक्टरकडे नेण्याची वेळ असते.

नियम करणाऱ्यांनाही जाग आली, पण हळूहळू. किमान वय १९८१ साली पंधरा आणि १९९७ साली सोळा करण्यात आले. मग वय चोरण्याचे प्रकार सुरू झाले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमधील चीनच्या संघाचे कांस्यपदक २०१० साली काढून घेण्यात आले, कारण संघातील एक मुलगी वयात बसत नव्हती. दप्तरात फेरफार करणारा हात त्या मुलीचा नव्हता, पदक मात्र तिचे गेले.

आता २०१८ साल पाहा. त्या वर्षी १८ जानेवारीला पाव्हियाची कार्ला मारांगोनी, १९२८ च्या त्या बालिकांपैकी एक, वयाच्या १०२व्या वर्षी निवर्तली. पुढच्याच आठवड्यात अमेरिकेत लॅरी नासर ह्या जिम्नॅस्टिक्सच्या डॉक्टरला चाळीस ते एकशे पंचाहत्तर वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षे मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपले भोग मांडले. अनेकींनी लहानपणीच मोठ्यांना सांगितले होते आणि मोठ्यांनी ऐकले नव्हते. आपल्या ख्रिस्तसभेच्या आवारातही बालकांचे न ऐकण्याचे हे पाप घडले आहे, म्हणून बोट दाखवताना आपली मान ताठ असू नये. त्याच वर्षी १ जूनला व्हॅटिकनने खेळाविषयीचा आपला पहिला स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळ हा मुलींनाही मुलांइतकाच खुला असावा हे त्यात गृहीतच आहे, आणि पालकांना त्याचे सांगणे असे की यश, रूप किंवा अंगबळ ह्यांसाठी नव्हे, तर ती जशी आहेत तशी आपली मुले आपल्याला प्रिय आहेत, हे त्यांना कळू द्यावे.

अकराव्या पायस ह्यांच्या पत्रापासून ह्या दस्तऐवजापर्यंत नव्वद वर्षे लोटली. मुलींनी मैदानात उतरूच नये, हा त्या पत्राचा सूर आज कोणी मान्य करणार नाही, आणि आम्हीही करीत नाही. त्या सुराने आपल्या कित्येक आज्यांना धावण्याचा आनंद नाकारला. परंतु ह्या मुलीला कोण उभे करीत आहे, कोणाच्या मोठेपणासाठी, आणि पाहणारे कोण आहेत, हे जे त्या पत्रामागचे प्रश्न, ते जुने झालेले नाहीत. १९२८ साली उत्तर ‘मुसोलिनी’ असे होते. पुढे ते कधी साम्यवादी सरकारे झाले, कधी दूरचित्रवाणीच्या कंपन्या, आणि कधी, हे लिहिताना लेखणी अडखळते, आईबाप.

सुदैवाने हा खेळ अलीकडे काही प्रमाणात वळणावर आला आहे. ऑगस्ट २०१६ मधील रिओ ऑलिंपिकची व्हॉल्टची अंतिम फेरी आठवावी. आठ जणींत तिघी अशा होत्या की त्यांची गोष्ट लहानखुऱ्या मुलींच्या पालकांनी मुद्दाम सांगावी. पहिली आली ती अमेरिकेची सिमोन बाइल्स, उंची १.४२ मीटर. ती कॅथलिक आहे आणि जपमाळ जवळ बाळगते, हे तिने स्वतःच सांगितलेले आहे. चौथी आली आगरताळ्याची दीपा कर्माकार, उंची १.५१ मीटर. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. लहानपणी तिची पावले सपाट होती, जो ह्या खेळात मोठाच दोष; प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी ह्यांनी चिकाटीने त्यावर मेहनत घेतली. १५.०६६ गुण मिळवून ती कांस्यपदकापासून ०.१५० ने दूर राहिली. आणि सातवी आली उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना. वय एकेचाळीस. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा त्याच्या उपचारासाठी ती जर्मनीत गेली आणि त्या देशासाठी खेळली. मुलगा बरा झाला आणि आई खेळतच राहिली. तिची उंचीही दीड मीटरच्या आसपासच. बाइल्सने २०२१ साली टोकियोत, मनाचा तोल साथ देत नाही हे ओळखून, भर स्पर्धेतून माघार घेतली. त्यावर पुष्कळ टीका झाली. २०२४ साली पॅरिसला ती परतली आणि सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा अजिंक्य ठरली. दीपाने त्याच वर्षी, तिसाव्या वर्षी, आशियाई सुवर्णपदक जिंकून मग निवृत्ती घेतली. लहान चण आणि कोवळे वय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरले गेले होते; ते ह्या स्त्रियांनी पुन्हा दाखवून दिले.

जिम्नॅस्टिक्सखेरीज लहानखुऱ्या मुलीसाठी काही आहे की नाही? वजनगटांचे खेळ आहेत. स्त्रियांचे भारोत्तोलन २००० साली आणि मुष्टियुद्ध २०१२ साली ऑलिंपिकमध्ये आले, आणि ठेंगण्या मुलीला आपल्याच मापाच्या मुलीशी लढण्याची सोय झाली. मणिपूरच्या मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले, म्हणजे दोन उचलींत मिळून आपल्या वजनाच्या चौपट. वजन उचलल्याने मुलीची वाढ खुंटते, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेल्या सरावाने तसे होत नाही. मात्र इथेही काटा असतो. पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी ५० किलोंवर अवघे १०० ग्रॅम भरली आणि बाद झाली. आदल्या रात्री वजन उतरवण्यासाठी तिने काय काय केले ते सर्वांनी वाचलेच आहे. प्रौढ स्त्रीने हे स्वतःच्या इच्छेने करणे वेगळे. चौदा वर्षांच्या मुलीला खालच्या गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणारा शिक्षक भेटला, तर त्याच्याकडून मुलीला त्याच दिवशी घरी आणावे.

आणि आपल्या घरचे खेळ का विसरावेत? मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला तो मल्लांसाठी. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली दिसतात. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट ह्यांच्या पकडीत दोरी धरून वर सरकणारी हलकी मुलगी पाहणे हा एक सुखद अनुभव आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात मुली हे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या आहेत. तिथले उदय देशपांडे ह्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. हा खेळही अंगाने हलक्या असणाऱ्यांना झुकते माप देतो, पण पदकांचा मोठा बाजार त्याभोवती अद्याप उभा राहिलेला नाही, आणि तूर्त आम्ही ह्याला त्याचा गुणच समजतो.

खो-खोची गोष्ट आणखी निराळी. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांत बसवले. ह्या खेळाला पायांत चपळाई आणि डोक्यात हिशेब लागतो. हुलकावणी देऊन वळताना लहान चण कामी येते, खर्च जवळजवळ शून्य, आणि आपल्या बहुतेक शाळांच्या पटांगणात तो मावतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

कोणताही खेळ निवडा, नाव घालण्यापूर्वी शिक्षकाला एक प्रश्न विचारा : ही मुलगी येत्या दोन वर्षांत चार इंच वाढली तर तुमच्याकडे तिचे काय? काही जण विषय बदलतील. काही जण आईची उंची विचारतील. खो-खोचा जुना शिक्षक बहुधा सांगेल की आज ती पळण्यात उपयोगी आहे, उंची वाढली की हात लांब होईल, मग तिला पाठलागाला घालू. आणि तो वहीत तिचे नाव लिहून घेईल.